नाताळाची उरलेली टर्की आणि बारा टोपल्या

इंग्लंडमध्ये नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, घरोघरच्या गृहिणीपुढे एकच प्रश्न उभा असतो. आदल्या दिवशी मोठ्या थाटाने भाजलेल्या टर्कीचे जे उरले आहे, त्याचे आता काय करावे? चारपाच माणसांच्या कुटुंबासाठी आणलेला पाचसहा किलोचा पक्षी एका जेवणात संपत नाही. छातीचे उत्तम मांस खाऊन झालेले असते. मांड्यांचे गडद मांस, हाडांना चिकटलेले तुकडे, पंख आणि सांगाडा मागे राहतो. या प्रश्नाचे पिढ्यान् पिढ्या चालत आलेले एक उत्तर म्हणजे पाई. उरलेल्या मांसाचे तुकडे करावेत, ते दाटसर रश्श्यात घोळावेत, वर मैद्याची पारी पसरावी आणि भट्टीत सोनेरी रंगावर भाजून काढावे. आपल्या घरी रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी मिळते, त्याच जातीची ही कला आहे.

या साध्या पदार्थाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहू लागलो, की त्याच्या पारीखाली फार मोठे सारण दडलेले आढळते. त्यात मेक्सिकोतील बाजार आहे, गोव्याचे बंदर आहे, इंग्लंडमधील मठांची दारे आहेत आणि गालील सरोवराच्या काठावरचे हिरवे गवतही आहे. या सर्वांना जोडणारा प्रश्न मात्र एकच आहे: सणाच्या ताटातून जे उरते, ते कोणाचे?

प्रथम पक्ष्याविषयी. टर्की हा मूळचा अमेरिका खंडातील पक्षी. मेक्सिकोतील लोकांनी तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवला. १५२९ मध्ये न्यू स्पेनमध्ये गेलेले फ्रान्सिस्कन धर्मगुरू बर्नार्दिनो दे साहागून यांनी आझ्टेक लोकांच्या जीवनाविषयी बारा भागांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यात बाजारात मिळणाऱ्या खाद्यपदार्थांचे बारकाईने वर्णन आहे आणि त्यात टर्कीचे मांस भरलेले तामाले, म्हणजे मक्याच्या पिठात सारण घालून वाफवलेले उंडे, यांचाही उल्लेख येतो. टर्कीचे मांस पिठाच्या आवरणात शिजवण्याची कल्पना युरोपीय स्वयंपाकघराने शोधून काढली, असे समजण्याचे कारण नाही. पक्ष्याच्या मायदेशी ती आधीपासूनच रुजलेली होती.

सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश जहाजांतून हा पक्षी युरोपात आला आणि त्याच्या नावांचा मोठा घोटाळा झाला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले. तुर्की भाषेत मात्र त्याला ‘हिंदी’ म्हणतात. फ्रेंच भाषेतील ‘दँद’ या नावाचा अर्थ ‘हिंदुस्थानचा’ असा आहे, तर डच लोकांनी त्याला थेट आपल्या कालिकतचे नाव देऊन ‘कालकून’ म्हटले. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. आपल्या बागेतील फळाशी त्याचा गोंधळ करू नये. पक्षी मेक्सिकोचा असूनही अर्ध्या युरोपला तो हिंदुस्थानचा वाटला, कारण नवे आणि दुर्मीळ ते सारे त्या काळी ‘इंडीज’कडून येत असे.

आणि गंमत अशी, की आपल्या देशात तो पक्षी खरोखरच आला तो पोर्तुगीजांच्या गोव्यातून. इ. स. १६१२ मध्ये बादशहा जहांगीरचा सरदार मुकर्रब खान याने बादशहाच्या आज्ञेवरून गोव्यातून अनेक अपूर्व वस्तू आणि प्राणी खरेदी करून दरबारात सादर केले. त्यांत एक विलक्षण पक्षी होता. रागाच्या किंवा उन्मादाच्या भरात त्याचे डोके आणि मान सरड्यासारखे रंग पालटतात, हे पाहून जहांगीर चकित झाला आणि त्याने आपल्या आठवणींत त्याचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले टर्कीचे अतिशय सुंदर चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाने त्या पक्ष्याचे चित्र काढवून घेतले. इंग्रजांनी त्याला ताटात वाढून घेतले, एवढाच फरक.

इंग्लंडमध्ये हा पक्षी आणण्याचे श्रेय परंपरेने यॉर्कशायरच्या विल्यम स्ट्रिकलंड या दर्यावर्दी गृहस्थाला दिले जाते आणि त्यासाठी १५२६ हे वर्ष सांगितले जाते. परंपरेतील वर्षाविषयी कोणी काहीही म्हणो, १५५० मध्ये स्ट्रिकलंडला कुलचिन्ह मिळाले आणि त्यावर टर्कीचे चित्र होते, हे मात्र निश्चित. त्याच्या बॉइंटन या गावी संत आंद्रेयाचे जे चर्च आहे, तेथे आजही एक नवल पाहायला मिळते. इंग्लंडमधील अनेक चर्चमध्ये पवित्र शास्त्र ठेवण्याचे वाचनपीठ पंख पसरलेल्या गरुडाच्या आकाराचे असते, कारण गरुड हे संत योहानाचे चिन्ह. बॉइंटनच्या चर्चमध्ये त्या जागी लाकडात कोरलेली टर्की आहे. तिच्या पसरलेल्या पिसाऱ्यावर ग्रंथ विसावतो. या टर्कीचा आणि संत योहानाच्या शुभवर्तमानाचा आणखी एक संबंध आहे, तो पुढे येईल.

आता पारीविषयी. आज पाईची पारी खुसखुशीत असते आणि ती आवडीने खाल्ली जाते. मध्ययुगात तिचे मुख्य काम वेगळे होते. त्या काळी शीतपेटी नव्हती, पत्र्याचे डबे नव्हते. मांस टिकवायचे तर ते मिठात मुरवावे, धुरावर सुकवावे किंवा हवेपासून दूर ठेवावे. पीठ, उकळते पाणी आणि चरबी यांचा घट्ट गोळा मळून त्याच्या जाड, उभ्या भिंती रचीत. आत मांस भरून वरून झाकण बसवीत आणि कित्येक तास भाजीत. पाई थंड होऊ लागली, की झाकणाला ठेवलेल्या छिद्रातून वितळलेले लोणी आत ओतीत. लोणी गोठले, की आतल्या सर्व पोकळ्या बंद होत आणि थंडीच्या दिवसांत ते मांस बरेच दिवस टिके. पारी म्हणजे त्या काळचे भांडे, झाकण आणि कोठार, तिन्ही एकदम.

या पिठाच्या पेटीला इंग्रज आचारी काय म्हणत, हे पाहिले तर आपण दचकतो. ते तिला ‘कॉफिन’ म्हणत. १३९० च्या सुमारास राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी संकलित केलेल्या ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ या पाककृतिसंग्रहात हा शब्द याच अर्थाने येतो. मृतदेहाची पेटी हा त्याचा अर्थ नंतर रूढ झाला; आधी कॉफिन म्हणजे नुसती पेटी, करंडा, टोपली. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंच भाषेतून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनच्या ‘कोफिनुस’वरून आणि लॅटिनमध्ये ग्रीक ‘कोफिनोस’वरून. कोफिनोस म्हणजे वेताची टोपली.

हा ग्रीक शब्द आपल्याला दुसरीकडे भेटतो. प्रभू येशूने पाच भाकरी आणि दोन मासे यांनी पाच हजारांना तृप्त केले, तो प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे. संत योहान सांगतो, की लोक पोटभर जेवल्यावर येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून; आणि जवाच्या पाच भाकरींच्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या. त्या बारा टोपल्यांसाठी चारही शुभवर्तमानकारांनी जो शब्द वापरला आहे, तो ‘कोफिनोस’. चार हजारांना जेवू घालण्याच्या दुसऱ्या प्रसंगी टोपल्यांसाठी शब्द वेगळा आहे; या प्रसंगी मात्र चौघेही एकमताने हाच शब्द वापरतात. म्हणजे गालील सरोवराच्या काठी उरलेल्या भाकरीची जी टोपली होती, तिचेच नाव चौदाशे वर्षांनी, भाषांचे तीन डोंगर ओलांडून, इंग्रज आचाऱ्याच्या पिठाच्या पेटीला मिळाले. नावाचा हा प्रवास योगायोगाचा खरा. पण ज्या पदार्थात नंतरच्या काळात उरलेले मांस भरले जाऊ लागले, त्याच्या पारीचे नाव उरलेल्या तुकड्यांच्या टोपलीवरून यावे, हा योगायोग मनाला चटका लावून जातो.

मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपात सणाचे उरलेले अन्न कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते: ते दारावरच्या गरिबांचे. प्रत्येक मोठ्या मठात भिक्षादानाची जबाबदारी सांभाळणारा एक मठवासी नेमलेला असे. भोजनगृहातील उरलेले अन्न गोळा करून मठाच्या दारावर वाटणे हे त्याचे रोजचे काम. सरदारांच्या वाड्यांतही मेजावर दानाचे एक वेगळे ताट ठेवलेले असे आणि त्यात गरिबांचा वाटा बाजूला काढला जाई. खुद्द राजा आठवा हेन्री याच्या राजगृहासाठी १५२६ मध्ये एल्थम येथे जे नियम झाले, त्यांतही मेजावरील उरलेसुरले अन्न गोळा करून ते रोजच्या रोज दारावरील गरिबांना द्यावे, असे फर्मावले आहे. ज्या वर्षी टर्की इंग्लंडमध्ये आली असे परंपरा सांगते, त्याच वर्षीचा हा नियम.

पुढच्या पंधरा वर्षांत सारे चित्र पालटले. १५३४ मध्ये हेन्रीने रोमशी संबंध तोडला. १५३६ ते १५४० या काळात इंग्लंडमधील मठ एकामागून एक बंद करण्यात आले. त्यांच्या जमिनी राजाकडे आणि राजाकडून धनिकांकडे गेल्या. मठाची दारे बंद झाली, तशी दारावरची टोपलीही गेली. मठांच्या दानात दोष नव्हते असे नाही, आणि सर्व गरिबांना ते पुरे पडत होते असेही नाही. तरीही उपाशी माणसाला जाण्याजोगे एक दार प्रत्येक परगण्यात होते. ते राहिले नाही. गरिबांची जबाबदारी स्थानिक करावर टाकणारा व्यापक कायदा इंग्लंडला १६०१ मध्ये करावा लागला.

या बदलाच्या ऐन मध्यावर, १५४१ मध्ये, कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांनी धर्माधिकाऱ्यांच्या मेजावरील चैनीला आळा घालणारा एक नियम काढला. करकोचा, हंस आणि टर्की यांसारखे मोठे पक्षी एका ताटात एकच असावेत, असे त्यात म्हटले होते. इंग्लंडमधील टर्कीचा हा एक जुना लेखी उल्लेख आहे. पक्षी देशात येऊन पुरती वीस वर्षेही झाली नव्हती, तोच त्याच्या अतिरेकावर नियम करण्याची पाळी आली! १५७३ साली थॉमस टसर या शेतकरी कवीने नाताळाच्या जेवणाची जी यादी पद्यात दिली, तीत टर्की येऊन बसलेली आहेच. अठराव्या शतकात तर नॉरफोक आणि सफोक या परगण्यांतून टर्कींचे कळप पायी चालवत लंडनला आणले जात. डॅनियल डीफो याने १७२४ च्या आपल्या प्रवासवर्णनात असे कळप तीनशेपासून हजार पक्ष्यांपर्यंतचे असत, असे नोंदवले आहे.

याच शतकात टर्कीच्या पाईने आपले सर्वांत भव्य रूप धारण केले. १७४७ मध्ये हॅना ग्लास या बाईंनी ‘द आर्ट ऑफ कुकरी’ हे पुस्तक आपले नाव न घालता प्रसिद्ध केले. त्यात ‘यॉर्कशायरची नाताळ पाई’ दिलेली आहे. टर्की, हंस, कोंबडी, तितर आणि कबूतर यांची हाडे काढावीत. कबूतर तितरात, तितर कोंबडीत, कोंबडी हंसात आणि हंस टर्कीत घालावा. बाजूंच्या मोकळ्या जागेत ससा आणि रानपक्षी रचावेत. जायपत्री, जायफळ, लवंग आणि काळी मिरी पेरावी. निदान चार पौंड लोणी घालावे आणि कडक तापलेल्या भट्टीत चार तास तरी भाजावे. पारीसाठी पीठ लागे एक बुशेल, म्हणजे आपल्या मापाने वीस किलोंहून अधिक. एवढ्या जाड भिंती कशासाठी, तर अशा पाई पेटीत घालून यॉर्कशायरहून लंडनला भेट म्हणून पाठवल्या जात. खडबडीत रस्त्यांवरून दिवसच्या दिवस गाडीत हिंदकळत गेल्या तरी त्या फुटू नयेत.

ही पाई उरलेल्या मांसाची नव्हती. ती वैभवाची पाई होती. टोपली आता दाराकडे जात नव्हती. एका श्रीमंताच्या घरून दुसऱ्या श्रीमंताच्या घरी जात होती. तथापि नाताळाची पाई ही केवळ खाण्याची वस्तू नव्हती, हेही खरे. १६४७ मध्ये प्युरिटन वर्चस्वाखालील इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ हा सणच रद्द केला होता आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास दंड ठेवला होता. कर्मठांच्या नजरेत नाताळाचे जेवण ही कॅथलिक परंपरेची खूण होती. सण बंद करता येतो, पण आजीच्या हाताची चव बंद करता येत नाही. नाताळ परतला, तेव्हा त्याची पाईही परतली.

उरलेल्या टर्कीचा प्रश्न सर्वसामान्य घरात शिरला तो एकोणिसाव्या शतकात. १८४३ मध्ये चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही कथा प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटी हृदयपरिवर्तन झालेला कंजूष स्क्रूज आपल्या गरीब कारकुनाच्या घरी भली मोठी टर्की पाठवतो. त्या काळी कामकरी कुटुंबे नाताळासाठी आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवून हंस घेत. टर्की ही चढ्या किमतीची चीज होती. हळूहळू मध्यमवर्गाने तिला आपलेसे केले. १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या इझाबेला बीटन यांच्या गृहव्यवस्थापनाच्या सुप्रसिद्ध ग्रंथात टर्कीच्या पाककृतींत काहींवर ‘थंड मांसाची पाककृती’ असा स्पष्ट शेरा आहे. आदल्या दिवशीच्या भाजलेल्या मांसाचा चविष्ट वापर कसा करावा, हे शिकणे आता सुगृहिणीचे कर्तव्य मानले जाऊ लागले. घर लहान झाले, नोकरचाकर कमी झाले. दारावरचा भिकारी पोलिसांच्या किंवा अनाथगृहाच्या हवाली झाला. उरलेले आता घरातच राहू लागले आणि काटकसर हा सद्गुण झाला.

अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेत, या काटकसरीला एका लेखिकेने शुभवर्तमानाची जोड दिली. लिडिया मरिया चाइल्ड या बाईंनी १८२९ मध्ये ‘द फ्रूगल हाउसवाइफ’ हे पुस्तक लिहिले. काटकसरीची लाज न वाटणाऱ्यांना तिने ते अर्पण केले आहे आणि सुरुवातीलाच संसाराची खरी काटकसर म्हणजे सर्व तुकडे गोळा करण्याची कला होय, असा विचार मांडला आहे. तो शब्दप्रयोग संत योहानाच्या सहाव्या अध्यायातून उचललेला आहे, हे कोणाही ख्रिस्ती वाचकाच्या लक्षात येईल. चाइल्डबाई पुढे गुलामगिरीविरुद्ध निर्भयपणे लिहिणाऱ्या लेखिका म्हणून गाजल्या. तुकडे जपणारे मन माणसेही जपते, असे त्यांच्याकडे पाहून म्हणावेसे वाटते.

अमेरिकेत टर्कीचा मोठा दिवस नाताळ नव्हे, तर आभारप्रदर्शनाचा सण, ‘थँक्सगिव्हिंग’. सारा जोसेफा हेल यांनी १८२७ च्या ‘नॉर्थवूड’ या कादंबरीत त्या दिवसाच्या जेवणाचे जे वर्णन केले, त्यात भाजलेल्या टर्कीबरोबर कोंबडीच्या पाईलाही मानाचे स्थान आहे. हेलबाईंनी अनेक वर्षे केलेल्या आग्रहाला यश येऊन १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार या सणासाठी घोषित केला. १९४१ च्या कायद्याने तो चौथा गुरुवार ठरला.

गुरुवार! म्हणजे दुसरा दिवस शुक्रवार. येथे कॅथलिक कुटुंबांपुढे, विशेषतः आयर्लंड, इटली आणि पोलंडहून आलेल्या स्थलांतरित घरांपुढे, एक पेच उभा राही. शुक्रवार हा प्रभूच्या दुःखसहनाच्या स्मरणाचा वार; त्या दिवशी मांसाहार वर्ज्य. शेजारच्या प्रोटेस्टंट घरात शुक्रवारी दुपारी उरलेल्या टर्कीची पाई भट्टीतून बाहेर येई, तेव्हा कॅथलिक घरात, बिशपांची खास सवलत नसेल तर, टर्की झाकून ठेवलेली असे आणि ताटात मासळी किंवा अंडी असत. तिची पाई व्हायची ती शनिवारी. नाताळाचे तसे नव्हते. नाताळाच्या आदल्या दिवशी उपवास आणि मांसत्याग असे. पण प्रत्यक्ष नाताळ शुक्रवारी आला, तर सणाचा आनंद नियमाहून मोठा मानून ख्रिस्तसभेने मांसाहारास मोकळीक दिलेली होती. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहावे पॉल यांनी प्रायश्चित्ताविषयी नवे आज्ञापत्र काढले आणि त्यानंतर देशोदेशींच्या बिशप परिषदांना मांसत्यागाऐवजी प्रार्थना वा परोपकाराचे कृत्य सुचवण्याची मुभा मिळाली. जुन्या नियमात एक शहाणपण मात्र होते. पोटात भूक असताना समोरचे चांगले अन्न एक दिवस बाजूला ठेवणे, ही ज्यांना रोजच बाजूला राहावे लागते त्यांची आठवण होती.

दुसऱ्या महायुद्धाने अन्न वाया घालवणे हा इंग्लंडमध्ये गुन्हाच ठरवला. जानेवारी १९४० मध्ये शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी अन्नाची नासाडी करणाऱ्यास शिक्षा ठोठावणारा हुकूम निघाला. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाची, बटाटे, गाजरे आणि फ्लॉवर घातलेली बिनमांसाची पाई १९४१ मध्ये घरोघर पोहोचली. शिधावाटप संपले ते जुलै १९५४ मध्ये. चौदा वर्षांच्या या टंचाईत वाढलेल्या पिढीने पुढे सुबत्तेच्या दिवसांतही टर्कीचे एक हाड फुकट दवडले नाही.

त्या पिढीच्या हातची पाई कशी असते, हेही सांगायला हवे. जेवणानंतर दोन तासांच्या आत मांस हाडांवरून सोडवून शीतपेटीत ठेवतात आणि तीनचार दिवसांत वापरतात. सांगाडा, कांदा, गाजर, सेलरी आणि मिरीचे दाणे पाण्यात मंद आचेवर दोनतीन तास उकळतात. त्याचा गाळलेला अर्क हाच पाईचा प्राण. ५० ग्रॅम लोण्यात तेवढाच मैदा परतून त्यात अर्धा लिटरभर अर्क थोडा थोडा घालीत गुठळी न होऊ देता दाट रस्सा करतात. त्यात मांसाचे तुकडे, मटारचे दाणे, परतलेला कांदा, उरलेले हॅम असेल तर तेही, आणि चिमूटभर सुकी थाइम ही वनस्पती घालतात. मिश्रण पूर्ण निवल्यावरच त्यावर पारी ठेवायची. गरम सारणावर लोण्याची पारी वितळून बसते. पारीसाठी मैद्याच्या निम्मे थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळून, अगदी थोड्या गार पाण्यात गोळा बांधतात. कडा दाबून मुरड घालतात, आपल्या नेवरीला घालतो तशी. मध्ये वाफेसाठी छिद्र पाडतात. एकेकाळी ज्या छिद्रातून लोणी आत ओतले जाई, त्यातून आता वाफ बाहेर जाते. वर अंडे फासून २०० अंश सेल्सिअसवर अर्धा तास ते चाळीस मिनिटे भाजले, की पारी सोनेरी होते आणि छिद्रातून रस्सा खदखदू लागतो.

हा सारा खटाटोप ज्या दिवशी चालतो, तो २६ डिसेंबर म्हणजे संत स्तेफनचा सण. पहिला रक्तसाक्षी म्हणून आपण त्याला ओळखतो. पण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तो पहिल्यांदा येतो तो अन्नवाटपाच्या कामासाठी. यरुशलेममधील ख्रिस्तमंडळात रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची तक्रार आली. तेव्हा प्रेषितांनी सात सेवकांची निवड करवून घेतली. त्यांतील पहिले नाव स्तेफनचे. म्हणजे सणाचे उरलेले अन्न पुढ्यात घेऊन ख्रिस्ती कुटुंब ज्या दिवशी बसते, तो दिवस ख्रिस्तसभेने अन्नाचे न्याय्य वाटप करणाऱ्या संताच्या नावे ठेवलेला आहे. इंग्रज लोक त्या दिवसाला ‘बॉक्सिंग डे’ म्हणतात. नोकरमाणसांना आणि कारागिरांना नाताळाची भेटपेटी देण्याचा तो दिवस होता.

मठांबरोबर बंद झालेले ते दार विसाव्या शतकात पुन्हा उघडले. १९६७ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरी, जॉन व्हॅन हेंगेल हा निवृत्त व्यावसायिक सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीच्या भोजनगृहात स्वयंसेवक म्हणून काम करीत होता. दुकानांच्या मागे टाकून दिलेल्या अन्नावर आपली दहा मुले वाढवणारी एक आई त्याला भेटली. टाकलेले ते अन्न चांगले असते, फक्त ते ठेवायला आणि न्यायला एक जागा हवी, असे तिच्या बोलण्यातून त्याला उमगले. बँकेत लोक पैसे ठेवतात, तसे येथे उरलेले अन्न ठेवावे आणि ज्याला गरज आहे त्याने न्यावे. सेंट मेरीज चर्चने एक रिकामी इमारत आणि तीन हजार डॉलर दिले आणि जगातील पहिली अन्नपेढी उभी राहिली. तिला चर्चवरून ‘सेंट मेरीज फूड बँक’ हे नाव मिळाले. आज अशा पेढ्या अनेक देशांत आहेत. ज्या सोसायटीच्या भोजनगृहात ही कल्पना उगवली, तिच्या शाखा आपल्याही धर्मग्रामांत काम करीत आहेत.

तरीही हिशेब अजून जुळलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नापैकी हे जवळजवळ १९ टक्के होते, आणि त्यातील सुमारे ६० टक्के नासाडी हॉटेलांत वा दुकानांत नव्हे, तर घराघरांत झाली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी आणि पुढे २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले होते, की फेकून दिलेले अन्न हे जणू गरिबाच्या ताटातून चोरलेले असते. मठाच्या दारावर टोपली घेऊन उभा राहणारा तो मध्ययुगीन मठवासी याहून वेगळे काय सांगत होता?

इतिहासाने पाईचे दोन अर्थ आपल्या हाती ठेवले आहेत. कोफिनोस ही उघड्या तोंडाची टोपली होती. तीत जे गोळा झाले ते सर्वांना दिसत होते. कॉफिन ही झाकण बसवलेली पेटी झाली. तीत जे गेले ते घरातच राहिले. दोन्हींची गरज आहे. आपल्या घरचे अन्न वाया जाऊ न देणारी गृहिणी ही प्रभूच्या आज्ञेचे पहिले अर्धे पालन करते, आणि ते लहान काम नव्हे. त्या डोंगरावर शिष्यांनी तुकडे गोळा केले तेव्हा सर्व लोक तृप्त झालेले होते, हे मात्र विसरता येत नाही. आधी सर्वांना वाढले गेले, मग उरले. आपल्या घरात बहुधा उलटे होते: आधी उरते, आणि मग कोणाला वाढायचे राहिले होते हे आठवते.

पुढच्या नाताळात आपल्या चुलीवर टर्की नसेल. कोंबडी असेल, बदक असेल, दिवसागणिक मुरत जाणारे विंदालू असेल. दुसऱ्या दिवशी, संत स्तेफनच्या सणाला, भांड्यात काही उरलेले असेलच. त्याचे दोन वाटे करावेत. एकाचे आपल्या मुलांसाठी काही चविष्ट करावे. दुसरा ताजा असतानाच, झाकण घालून, ज्याच्या दारावर या नाताळात कोणी गेले नसेल, त्या घरी पोचवावा.